कागद कोणाच्या नावावर?



२००२ च्या उन्हाळ्यात वर्धा जिल्ह्यातल्या गावागावांत 'होम ट्रेड' हे नाव पहिल्यांदा ऐकू आले. नवी मुंबईतल्या वाशीची ही दलाली कंपनी होती आणि तिच्या जाहिरातींत नामांकित क्रिकेटपटू आणि चित्रपटतारे झळकत होते. नागपूर, वर्धा आणि उस्मानाबाद या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकांनी तिच्यामार्फत सरकारी रोखे घेण्यासाठी पैसे दिले होते. पैसे गेले, व्यवहार झाला असे सांगणाऱ्या दलालाच्या कॉन्ट्रॅक्ट नोटा आल्या, रोखे आले नाहीत. कोणाचा किती दोष हे ठरवणे न्यायालयांचे काम आहे आणि ते किती वेळ घेते हेही आपण पाहिले आहे. नागपूर बँकेच्या खटल्याचा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे २१ वर्षांनी लागला. मला आज लक्ष वेधायचे आहे ते दुसऱ्याच गोष्टीकडे. कागदोपत्री ही खरेदी सट्ट्याची नव्हती. जगात ज्याला सर्वांत कमी जोखमीचा म्हणावे असा माल, खुद्द भारत सरकारची हमी असलेला रोखा, विकत घेतला जात होता. त्या मालात काडीचीही खोट नव्हती. सरकारने त्या साली एकाही रोख्याचे व्याज बुडवले नाही. तरीही शेतकऱ्यांच्या ठेवींतून उभा राहिलेला पैसा बुडाला, कारण बँक आणि रोखा यांच्या मध्ये एक तिसरा माणूस उभा होता आणि रोखा बँकेच्या नावावर कधी चढलाच नाही.

गुंतवणुकीत नवखा असलेला माणूस सल्ला विचारायला येतो तेव्हा त्याचे मागणे साधे असते. पैसा बुडू नये, रोज उठून बघावा लागू नये आणि दर महिन्याला किंवा तिमाहीला हातात काही पडावे. या मागण्यात गैर काहीच नाही. ज्याने उभा जन्म उन्हातान्हात काढला त्याने म्हातारपणी बसल्या जागी चार पैसे मिळावेत म्हणणे हा त्याचा हक्क आहे. पण 'कटकट नको' या इच्छेचे समाधान दोन रीतींनी होते आणि त्यांतला फरक आपण ओळखत नाही. एक रीत अशी, की वस्तूच इतकी साधी निवडायची की तिच्यात कटकटीला जागा उरत नाही. दुसरी रीत अशी, की वस्तू कोणतीही असो, कटकट दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर टाकायची. पहिल्या रीतीत जोखीम खरोखर कमी होते. दुसऱ्या रीतीत ती फक्त नजरेआड जाते आणि पैशाबरोबर कागदही दुसऱ्याच्या हातात जातो. वर्ध्याच्या बँकेने नेमले होते ते रोखे आणून देणारे 'कोणीतरी'. आपल्या घरांत तेच 'कोणीतरी' जावई असतो, शेजारचा एजंट असतो, सोसायटीतला ओळखीचा संचालक असतो. सोपेपणा वस्तूत असावा, तो माणसाच्या भरवशावर विकत घेऊ नये, हे माझे आजचे म्हणणे आहे आणि पुढचा सगळा वेळ मी तेवढ्यासाठीच खर्च करणार आहे.

हा प्रश्न या वर्धा जिल्ह्याला अधिक लागू आहे, कारण इथे पैसा महिन्याच्या महिन्याला येत नाही, तो एकरकमी येतो. हिंगणघाटच्या कापसाला एकोणिसाव्या शतकात थेट इंग्लंडच्या बाजारात नाव होते. आजही इथल्या घराचे वर्ष कापूस, सोयाबीन आणि तूर विकल्याच्या दोन-तीन दिवसांवर उभे असते. पुलगावच्या दारूगोळा भांडारातून निवृत्त होणाऱ्याला, जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाला ग्रॅच्युइटी आणि भविष्य निर्वाह निधी एकदम मिळतो. समृद्धी महामार्ग सेलू, वर्धा आणि आर्वी तालुक्यांतून गेला तेव्हा ज्यांची जमीन गेली त्यांच्या खात्यात पिढ्यांत पाहिली नव्हती एवढी रक्कम जमा झाली; पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत आखलेला शक्तिपीठ महामार्ग झाला तर तोच प्रसंग आणखी घरांत येईल. जमीन गेलेल्या माणसाला त्या रकमेतून जमिनीसारखेच काहीतरी हवे असते, दर वर्षी पिकणारे. आणि खात्यात रक्कम आली की दारात माणसे येतात. म्हणून पहिले सांगणे गुंतवणुकीचे नाहीच. आधी कर्ज फेडा. केंद्राची व्याजसवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख योजना मिळून ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडणाऱ्याला शून्य टक्क्याने पडते. मुदत चुकली की ही सवलत हातची जाते. ज्याचे सोने तारण आहे किंवा ज्याच्यावर सावकाराचे देणे आहे त्याला ते फेडण्याइतका खात्रीचा परतावा कोणतीही योजना देणार नाही. सावकाराला वर्षाला २४ टक्के देत पोस्टात साडेसात टक्क्यांनी पैसे ठेवणारी घरे आहेत, आणि ती स्वतःला बचत करणारी समजतात.

आता वर्ध्याच्या जिल्हा बँकेकडे परत येऊ, कारण तिची गोष्ट २००२ ला संपली नाही. थकलेली कर्जे आणि घटलेले भांडवल यांमुळे वर्धा, नागपूर आणि बुलढाणा या तिन्ही जिल्हा बँकांना बँकिंग परवाना मिळाला नाही आणि २०१२ मध्ये त्यांना नव्या ठेवी स्वीकारायलाही मनाई झाली. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने देशातल्या अशा २३ जिल्हा बँकांना उभे करण्यासाठी सुमारे २,३७५ कोटींची योजना मंजूर केली. त्यांत महाराष्ट्रातल्या याच तीन बँका होत्या. मधल्या काळात ठेवीदाराची अवस्था चमत्कारिक होती. ठेवीवर विमा होता. १९६० मध्ये लक्ष्मी बँक आणि पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर देशात ठेवविम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदाराला १,५०० रुपयांचे संरक्षण मिळाले. ते वाढत १९९३ मध्ये १ लाखावर आणि ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाखांवर आले. पण विम्याची रक्कम बँक अवसायनात निघाली तरच मिळायची. वर्ध्याची बँक बुडालीही नव्हती आणि चालतही नव्हती. विमा मरणाचा होता, दुखण्याचा नव्हता, आणि ठेवीदाराला दुखण्यातच पैसे हवे होते, मुलीच्या लग्नाला, बी-बियाण्याला, दवाखान्याला. २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि आता रिझर्व्ह बँकेने पैसे काढण्यावर निर्बंध घातल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम देणे बंधनकारक झाले. हा बदल फार मोलाचा आहे. तो होण्याआधी वर्ध्यासारख्या जिल्ह्यांनी त्याची किंमत मोजली होती.

या विम्याचा हिशेब जवळून पाहण्यासारखा आहे, कारण ५ लाख हा आकडा सर्वांना पाठ असतो आणि त्याचा अर्थ थोड्यांना. संरक्षण मुद्दल आणि व्याज मिळून असते. कोणी ४ लाख ८० हजारांची वर्षाची मुदत ठेव ७ टक्क्यांनी केली तर वर्षअखेर ती ५ लाख १३ हजार ६०० होते आणि वरचे १३ हजार ६०० विम्याच्या बाहेर पडतात. एकाच बँकेच्या आर्वी शाखेत ४ लाख आणि देवळी शाखेत ४ लाख ठेवले तर ती दोन संरक्षणे होत नाहीत. बँक एक, ठेवीदार एक, मर्यादा एक. मात्र नवऱ्याचे एकट्याचे खाते, बायकोचे एकटीचे खाते आणि दोघांचे संयुक्त खाते ही विम्याच्या दृष्टीने वेगळी धरली जातात. एवढे कळले की दहा-पंधरा लाखांची मुदत ठेव करू पाहणाऱ्या कुटुंबाला कोणाच्याही सल्ल्याची गरज उरत नाही. दोन बँका, तीन नावे, प्रत्येक ठिकाणी साडेचार लाखांच्या आत, आणि प्रश्न मिटला. यालाच मी साधी वस्तू म्हणतो. तिच्यातली सुरक्षितता मॅनेजरच्या स्वभावावर अवलंबून नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो मनापासूनचा असतो. लोक म्हणतात, पतसंस्था आपल्या गावची आहे, संचालक आपले आहेत, अडीअडचणीला रात्री दार वाजवता येते. मोठ्या बँकेत आपल्याला कोण ओळखते? या म्हणण्यात तथ्य आहे. सहकारी पतसंस्थांनी ज्यांना बँकेने दारात उभे केले नसते अशांना कर्ज दिले, टपरीवाल्यांची आणि भाजीवाल्यांची रोजची बचत दारातून गोळा केली. ते काम लहान नाही. तरीही ज्याच्या हाती आयुष्यभराची एकच पुंजी आहे त्याने एक गोष्ट डोळे उघडे ठेवून समजून घ्यावी. ज्या ठेवविम्याचा हिशेब आपण आत्ता केला तो बँकांना लागू आहे, पतसंस्थांना नाही. पावतीवर 'बँक' असे आहे की 'को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी मर्यादित' असे आहे, या दोन शब्दसमूहांतले अंतर ५ लाखांचे आहे. पतसंस्था दीड-दोन टक्के व्याज जास्त देते ते या नसलेल्या विम्याचे मोल म्हणूनच. संचालक ओळखीचा असणे हे संस्थेच्या हिशेबाची तपासणी झाली असण्याला पर्याय होऊ शकत नाही. या वर्ध्यातच, मगनवाडीत, अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम १९३४ पासून उभे करणारे जे. सी. कुमारप्पा व्यवसायाने सनदी लेखापाल होते. खेड्याच्या अर्थव्यवस्थेवर ज्याचे अपार प्रेम होते तो माणूस ताळेबंद वाचून मोठा झालेला होता, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. संस्थेवर प्रेम करा, तिचे सभासद व्हा, वार्षिक सभेला जा, लेखापरीक्षणाचा वर्ग विचारा आणि बुडाली तरी चूल पेटती राहील एवढीच रक्कम तिथे ठेवा.

दुसरा मोह जास्त व्याजाचा. त्याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे, दामदुप्पट. हा शब्द आज आमिष म्हणून वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ उलट होता. हिंदू धर्मशास्त्रातला तो ऋणकोच्या बाजूचा नियम होता. सावकाराला एका वेळी मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येऊ नये, घेणे मुद्दलाच्या दुपटीवर जाऊ नये, अशी ती मर्यादा होती आणि मुंबई इलाख्यातली इंग्रजी न्यायालयेही ती मानत. जी लोभाला घातलेली कुंपणाची काठी होती तीच आपण लोभाची जाहिरात केली. १९८८ मध्ये किसान विकास पत्र निघाले तेव्हा सरकारच साडेपाच वर्षांत रक्कम दुप्पट करत होते, कारण त्या काळी व्याजदर आणि महागाई दोन्ही चढी होती. आज त्याच पत्राला ११५ महिने लागतात, म्हणजे साडेनऊ वर्षांहून थोडे जास्त. सरकारला ज्या कामाला साडेनऊ वर्षे लागतात ते कोणी चार वर्षांत करून देतो म्हणाला तर तो एकतर मोठी जोखीम घेतो आहे किंवा एकाच्या ठेवीतून दुसऱ्याचे व्याज भागवतो आहे. पीएसीएल या कंपनीने शेतजमिनीच्या नावावर देशभर एजंटांचे जाळे विणून पैसा गोळा केला. ऑगस्ट २०१४ मध्ये शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने तिला ४९,१०० कोटी रुपये परत करण्याचा आदेश दिला तेव्हा गुंतवणूकदारांची संख्या ५ कोटी ८५ लाख होती. त्यांतले बहुतेक श्रीमंत होण्यासाठी आलेले नव्हते. ते कमी कटकटीसाठी आले होते. घरी येऊन हप्ता नेणारा माणूस आणि हातात दिलेली छापील पावती, एवढ्यावर त्यांचे समाधान झाले होते. ज्या जमिनीचे नाव सांगितले जात होते तिचा सातबारा कोणाच्या नावावर आहे, हे आयुष्यभर सातबारा सांभाळणाऱ्या शेतकऱ्यानेही विचारले नाही, याचे मला दुःख होते.

मग साध्या वस्तू कोणत्या? माझ्या मते पहिले घर पोस्टाचे. टपाल खात्याची बचत बँक या देशात १८८२ पासून आहे आणि तिच्यातल्या ठेवीमागे केंद्र सरकार उभे असल्यामुळे ५ लाखांचा प्रश्नच येत नाही. साठी ओलांडलेल्यांसाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना. तिचा दर २०२५ मध्ये ८.२ टक्के होता आणि मर्यादा ३० लाख. पूर्ण ३० लाख ठेवणाऱ्याला दर तिमाहीला ६१ हजार ५०० रुपये मिळतात आणि पाच वर्षांत दर बदलत नाही. साठीच्या आतल्यांसाठी मासिक उत्पन्न योजना, दर ७.४ टक्के, मर्यादा एकट्याला ९ लाख आणि संयुक्त खात्याला १५ लाख. ९ लाखांवर महिन्याला ५ हजार ५५० रुपये. सरकार हे दर दर तिमाहीला जाहीर करते, म्हणून उद्या नवा दर वेगळा असू शकेल, पण ज्या दिवशी खाते उघडले त्या दिवशीचा दर मुदतभर आपला. मासिक उत्पन्न योजनेत एक बारीक गोष्ट दडलेली आहे. महिन्याचे व्याज न काढता तसेच राहू दिले तर त्या व्याजावर व्याज मिळत नाही. 'राहू दे, वाढेल' म्हणून वर्षभर पोस्टात न जाणारी माणसे आहेत. त्यांचे पैसे त्या वर्षात वाढत नाहीत. व्याज आपोआप बचत खात्यात वळते करण्याचा अर्ज पहिल्याच दिवशी भरावा आणि गरज नसेल तर त्या खात्यातून आवर्ती ठेवीचा हप्ता जोडून द्यावा. एकदाचे अर्ध्या तासाचे काम, पुढची पाच वर्षे मोकळी. एजंटामार्फत खाते उघडले असेल तरी पैसे भरल्याची नोंद पासबुकात पोस्टाने केली आहे की एजंटाने फक्त स्वतःच्या वहीत, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. एजंटाची वही हा कागद नाही.

या सगळ्यावर जाणकारांचा आक्षेप असा, की व्याजावर जगणारा माणूस महागाईने हळूहळू गरीब होत जातो. हा आक्षेप सर्वांत बळकट आहे आणि तो मला मान्य आहे. महागाई ६ टक्क्यांनी वाढली तर आजचे ५ हजार ५५० रुपये दहा वर्षांनी आजच्या ३ हजार १०० रुपयांएवढाच किराणा आणतील. आकडा तोच, पिशवी अर्धी. म्हणून ज्याचे वय चाळिशीत आहे, ज्याला पगार किंवा शेती चालू आहे, त्याने सगळा पैसा मुदत ठेवीत गाडून ठेवणे ही सुरक्षितता म्हणता येणार नाही. त्याच्यासाठीही साधी वस्तू आहे, निर्देशांक फंड. अमेरिकेत जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये सामान्य गुंतवणूकदारांसाठी असा फंड काढला तेव्हा त्यामागचा विचार सरळ होता. कोणता शेअर चढेल हे ओळखण्याचा दावा करणाऱ्यांना पैसे देण्यापेक्षा सगळ्या मोठ्या कंपन्यांचा थोडाथोडा वाटा घ्यावा आणि खर्च किमान ठेवावा. आपल्याकडे निफ्टीतल्या ५० कंपन्यांचा असा फंड महिन्याला ५०० रुपयांनीही घेता येतो. त्यात निवडीची हुशारी लागत नाही, म्हणून निवड करून देणारा माणूसही लागत नाही. पण त्यात चढउतार आहे आणि तो खरा आहे. जानेवारी २०२० मध्ये १२ हजारांवर असलेला निफ्टी मार्चच्या चौथ्या आठवड्यात साडेसात हजारांच्या आसपास आला होता. नोव्हेंबरात तो पुन्हा पूर्वीच्या उंचीवर पोचला, परंतु मार्चमध्ये ज्याला दवाखान्यासाठी पैसे काढावे लागले त्याला नोव्हेंबरचा उपयोग नव्हता. सात-आठ वर्षे हात लावायचा नाही अशाच पैशाला ही वाट आहे. निवृत्त माणसाने महिन्याच्या खर्चाचा पैसा तिथे नेऊ नये आणि तरुणाने सगळाच पैसा पोस्टात ठेवू नये.

याच फंडात मध्यस्थाची किंमत रुपयांत मोजता येते, म्हणून ती मांडतो. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंडाची थेट योजना असते, जिच्यात वितरकाचे कमिशन नसते. समजा थेट योजनेत वर्षाला ११ टक्के वाढ झाली आणि मध्यस्थामार्फत, एक टक्का खर्च जाऊन, १० टक्के. एका वर्षात १ लाखावर फरक हजार रुपयांचा, कोणाच्या लक्षातही येणार नाही. वीस वर्षांनी पहिले १ लाख सुमारे ८ लाख ६ हजार झालेले असतात आणि दुसरे ६ लाख ७३ हजार. फरक १ लाख ३३ हजारांचा, म्हणजे मूळ रकमेहून जास्त. हे ११ आणि १० टक्के मी हिशेबापुरते धरले आहेत, बाजार असे काही वचन देत नाही. मात्र वाढ कितीही होवो, मध्यस्थाचा वाटा दर वर्षी ठरलेला असतो.

जमिनीविषयी थोडक्यात. शेत मक्त्याने दिले की बसून उत्पन्न मिळते असे आपण म्हणतो, पण मक्त्याचा पैसा पावसावर, मक्तेदाराच्या हातावर आणि भावकीतल्या सलोख्यावर ठरतो, त्यामुळे त्याला कमी कटकटीचे म्हणवत नाही. महामार्गालगतच्या प्लॉटबाबत तर एवढेच विचारावे की जमीन अकृषक झाली आहे का, आराखडा मंजूर आहे का आणि खरेदीखत आज होणार आहे की 'पुढे'. नुसत्या इसारपावतीवर पैसे देणारा माणूस होम ट्रेडच्या कॉन्ट्रॅक्ट नोटेवर विसंबलेल्या बँकेच्याच जागी उभा असतो.

शेवटचा आक्षेप असा, की खेड्यातल्या माणसाला फॉर्म भरता येत नाही, मोबाइलवर बोटे चालत नाहीत, मग मध्यस्थ टाळायचा कसा? मदत घेऊच नये असे मी म्हणत नाही. फॉर्म भरायला नातवाची मदत घ्या, बचत गटातल्या ताईंची घ्या, पोस्टातल्या बाबूंची घ्या. मदतनिसाने अर्ज लिहावा, सही आपली असावी. पैसा धनादेशाने किंवा खात्यातून थेट संस्थेच्या नावावर जावा, मदतनिसाच्या खात्यावरून फिरून नाही. ओटीपी आपल्या फोनवर यावा आणि तो आपल्या तोंडून बाहेर जाऊ नये. पावती मूळ प्रतीत आपल्या पेटीत यावी. बाईच्या नावावरची ठेव असेल तर तिचे पासबुक तिच्या हातात असावे. घरातल्या पुरुषाच्या खिशात असलेले तिचे पासबुक हीही एक दलालीच आहे. या जिल्ह्यातल्या हजारो बायका बचत गटाच्या बैठकीत दर महिन्याला वही वाचून दाखवतात, शिल्लक मोजतात, सह्या घेतात. ज्यांना हे जमते त्यांना स्वतःची मुदत ठेव समजणार नाही, हे मी मानायला तयार नाही.

आणि आता, ज्या वस्तूपासून आपण सुरुवात केली त्या सरकारी रोख्याकडे. होम ट्रेडच्या प्रकरणानंतर सहकारी बँकांचे रोखे कागदी न ठेवता इलेक्ट्रॉनिक नोंदीत ठेवण्याची सक्ती आली. पुढे १२ नोव्हेंबर २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने 'रिटेल डायरेक्ट' ही सोय सर्वसामान्यांना खुली केली. आर्वीतला एखादा शिक्षक किंवा समुद्रपूरची एखादी परिचारिका आपल्या नावाने थेट रिझर्व्ह बँकेकडे रोख्यांचे खाते उघडू शकते. दलाल नाही, खाते उघडायला शुल्क नाही, किमान रक्कम १० हजार रुपये. ७ टक्क्यांचा १ लाखाचा रोखा घेतला तर दर सहा महिन्यांनी ३ हजार ५०० रुपये बँक खात्यात येतात आणि मुदत संपली की मुद्दल परत. मुदतीआधी विकायचा म्हटला तर त्या दिवशीच्या व्याजदराप्रमाणे भाव कमी-जास्त मिळेल, म्हणून मुदत आपल्या गरजेशी जुळवून घ्यावी. वर्ध्याच्या बँकेला पैसे मोजूनही जो रोखा मिळाला नाही, तो आज या सभागृहातल्या प्रत्येकाला स्वतःच्या नावावर मिळू शकतो.

माझी विनंती एकच आहे. आज घरी गेल्यावर कपाटातल्या सगळ्या पावत्या आणि पासबुके बाहेर काढा. वर बँक छापले आहे की सोसायटी, ते वाचा. नाव तुमचे आहे का पाहा, मुदत कधी संपते ते एका कागदावर उतरवा आणि नॉमिनीची जागा कोरी असेल त्या पावत्या बाजूला ठेवा. बँकेच्या ठेवीला १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी लावता येतात. बाजूला ठेवलेल्या त्या पावत्या घेऊन येत्या सोमवारी बँकेत आणि पोस्टात जा, आणि जाताना घरातल्या बाईला बरोबर न्या.